डावा कौल

मु. वडाची वाडी, पो. उंब्रज
१४ डिसेंबर १९७५

दादा,

तुमचं पत्र बुधवारी आलं आणि तेव्हापासून या घरात दुसरा विषय नाही. आईनं ते माझ्याकडून सात वेळा वाचून घेतलं. सहाव्या खेपेला मी कंटाळून दोन ओळी गाळल्या, तर लगेच म्हणाली, "नारळाच्या रोपांचं ऱ्हायलं की रं!" तिला पाठ झालंय, मला नाही.

तर कळवायचं ते हे, की आम्ही येतो. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की आई आणि मी, चांगला महिनाभर. तुमच्या लग्नाच्या वेळी ती जे बोलली होती, परजातीची बायको केलीस तर तोंड दाखवू नको वगैरे, ते आता जणू शेजारणीनंच बोललेलं. काल मला म्हणते, "सेल्वीला इचार, तिला हुलग्याचं माडगं चालतंय का." सहा वर्षं जिचं नाव काढू देत नव्हती, तिच्यासाठी आता हुलगे निवडायला बसलीय.

एक गोष्ट मात्र घाईची आहे. काल शनिवारी आईला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. काचबिंदू आहे. डावा डोळा गेल्यातच जमा. उजव्यानं अजून दिसतं, पण पुढच्या पावसाळ्यापलीकडं काही सांगता येणार नाही म्हणाले. आईला दुसरं काही विचारायचंच नव्हतं. "मे महिन्यापातुर ऱ्हाईल न्हवं?" एवढंच तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, राहील. मग येताना गाडीत ती इतकी खुशीत होती, की समोरच्या बाईला वाटलं असेल डोळे बरे झाले म्हणून.

तुम्हाला बेटावरच्या नव्या जमिनीतली कोवळी रोपं सोडून येता येत नाही, तिकडं फोटो काढणारा कुणी नाही. म्हणजे नातीचं, कावेरीचं, तोंड बघायचं तर आईनंच यायला हवं, आणि याच मे महिन्यात. तुम्ही काळजी करू नका. मिरजेहून मद्रासची गाडी आणि तिथून चार दिवसांची बोट, सगळं मी बघतो.

शाळेच्या नकाशात तुमचं बेट नाही. मी तांबड्या शाईनं एक ठिपका दिलाय. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे काय? म्हटलं, आमच्या दादांचं घर. गुंडा न्हावी दाढी करताना म्हणतो कसा, "मास्तर, मजा करायला माणसं महाबळेश्वरला जात्यात. तुमी आपल्या पायानं काळ्या पाण्याला निघालाय व्हय?" हसू दे मेल्याला.

तुमचा,
नाना


८ फेब्रुवारी १९७६

दादा,

तयारीची हकिगत लिहितो. कराडला जाऊन दोघांनी कॉलऱ्याची सुई टोचून घेतली. माझा दंड सुजला, आईला काही झालं नाही. बोट हलते असं तुम्ही लिहिलंत, म्हणून आई रोज दुपारी चंद्राकाकूच्या झोपाळ्यावर बसून सराव करते. काकू झोका देते आणि ही डोळे मिटून म्हणते, "आजून जोरात दे गं!" चौसष्टाव्या वर्षी! वाडीतल्या बाया बघायला जमतात.

सामान वाढत चाललंय. कांदालसणाची चटणी, कुरडया, घोंगडं, तुमच्यासाठी घरचा तांदूळ. तिकडं पोत्यानं तांदूळ पिकतो असं तुम्हीच लिहिलंत, पण ती ऐकेल तर शपथ. कावेरीला खणाचं परकर-पोलकं शिवलंय. दोरा ओवून घ्यायला मला हाक मारते, बाकी सगळं हातानं चाचपून. अंगाला होईल का म्हणून शेजारच्या पोरींना घालून बघते. "अर्जुनाची लेक हाय, उंच आसंल," म्हणते.

दिवस उजाडल्यापासून अर्जुना. अर्जुना लहानपणी असं करायचा, अर्जुना तसं करायचा. कान किटले माझे. मी दिवसातून दोनदा तिच्या डोळ्यांत थेंब टाकतो. परवा थेंब गालावर ओघळला तर म्हणाली, "अर्जुनाचा हात कसा हलका हाय." असेल. तुम्हाला कुणाच्या डोळ्यांत थेंब टाकताना मी कधी बघितलेलं नाही.

चेष्टेनं लिहितोय हो.

एक राहिलं आहे, देवाचा कौल. आपल्या गुरवाच्या घरातलं माणूस भैरोबाची सेवा सोडून महिनाभर लांब जायचं, तर देवाला विचारल्याशिवाय नाही, हा आबांचा नेम. तुम्ही पलटणीत भरती झालात तेव्हा त्यांनी लावला होता ना, तसाच. तगरीच्या दोन कळ्या, पाण्यात बुडवून देवाच्या दोन्ही खांद्यांना. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर थांब. तुमच्या वेळी उजवी हात काढायच्या आत पडली होती, हे आई अजून सांगते. आता आबांच्या माघारी तो हात माझा आहे. पाडव्याला लावू.

नाना


४ एप्रिल १९७६

दादा,

वाईट वाटून घेऊ नका. पाडव्याला कौल लावला. डावी कळी पडली.

सगळी वाडी हजर होती. आई समोरच बसली होती. उजवी कळी जागची हलली नाही, अर्धी घटका वाट पाहिली. देवाच्या मनात नाही, त्याला आपण काय करणार? आईनं पदर पसरला, रीतीप्रमाणे दोन्ही कळ्या मी तिच्या पदरात घातल्या. घरी येऊन तिनं बांधलेलं गाठोडं सोडलं आणि तांदूळ परत कणगीत ओतला.

एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. चार दिवस बोटीत, तिकडं डॉक्टर नाही, तिचं वय, उन्हाचे दिवस. देव उगाच अडवत नसतो. पुढच्या वर्षी पुन्हा विचारू.

परकर-पोलकं टपालानं पाठवतो आहे.

नाना


२० जून १९७६

दादा,

दोन महिने झाले, तुमचं पत्र नाही. परकर-पोलकं पोचलं का तेही कळलं नाही. आईला सांगतो, पावसानं बोटी बंद आहेत.

आता जे लिहितो ते वाचून तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा. डावा कौल देवानं दिला नाही, मी दिला. उजवी कळी मी पाण्यात बुडवली नव्हती, काकवीत बुडवली होती. सकाळी पूजेच्या तांब्याआड वाटीत बोटभर काकवी झाकून ठेवली होती. तशी चिकटवलेली कळी दुसऱ्या पाडव्यापर्यंत पडली नसती. दुसऱ्या दिवशी दिवाबत्तीला गेलो तर देवाच्या उजव्या खांद्यावर मुंग्यांची ही रांग! ओल्या फडक्यानं पुसून काढल्या. आबांनी चाळीस वर्षं ज्या खांद्याला हात लावायच्या आधी आंघोळ करून तोंडातून शब्द काढला नाही, त्या खांद्यावरच्या मुंग्या मी मारत होतो.

का केलं? मला समुद्राची भीती वाटली दादा. चार दिवस चारी बाजूंनी पाणी, या विचारानं रात्री उठून बसायचो. वाडीत एवढा डांगोरा पिटून झाला होता, मागं कसं फिरायचं? म्हणून देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवली. मला माफ करा.

आईचा उजवा डोळा धुरकट झालाय. माणूस दारात उभा राहिला की ती आधी थांबते, तो बोलला की मग ओळखते.

नाना


५ ऑक्टोबर १९७६

दादा,

तुमचं कार्ड ऑगस्टातच आलं. एकच ओळ. "कृष्णेला पूर आला की भोपळा न बांधता पलीकडं जाणारा तू, समुद्राला भितोस हे मला सांगू नको. खरं लिही." ते कार्ड मी दोन महिने शाळेच्या टेबलात, हजेरीपटाखाली ठेवलंय. रोज हजेरी घेताना दिसतं.

खरं लिहितो.

तुम्ही पलटणीत गेलात तेव्हा मी अकरा वर्षांचा. तेव्हापासून मी इथं आहे. आबांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांचं हगणंमुतणं मी काढलं. आईला दवाखान्यात मी नेतो, तिचं लुगडं पिळून वाळत मी घालतो, थेंब मी टाकतो. याबद्दल कधी मनात काही आलं नव्हतं, देवाशपथ. पण तुमचं पत्र आलं आणि ती बाई उजळून निघाली. झोपाळ्यावर बसली, हसली, गाणं म्हणाली. माझ्या घरात वीस वर्षं मी तिला असं बघितलं नव्हतं. मला वाटलं, ही तिकडं गेली की परत येणार नाही. आणि आलीच, तरी शरीरानं येईल फक्त. तुमच्या अंगणात बसलेली तिला मला बघवलं नसतं. म्हणून मी ती कळी चिकटवली. जळलो मी तुमच्यावर. आईच्या डोळ्यांत थेंब टाकणारा मीच, किती दिवस उरलेत ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि तरीही.

मागच्या पत्रात समुद्राची भीती लिहिली, कारण भित्रा म्हणवून घेणं त्या मानानं सोपं होतं.

आता आईला कसं कळलं ते ऐका. दसऱ्याला शालूबाई लेकीच्या स्थळाचा कौल घ्यायला आली. पोरगीही सोबत होती, खाली मान घालून. मी कळ्या उचलल्या. पाडव्यापासून मी इतके कौल लावले होते, लोक पाया पडून गेले होते, पण त्या दिवशी हात काही केल्या खांद्यापर्यंत जाईना. चुलत्यांच्या नाथाजीला म्हटलं, तू लाव, मला बरं वाटत नाही. आणि तडक घरी आलो.

आई उंबऱ्यात शेंगा फोडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. काकवीसकट. तिचे हात थांबले नाहीत.

"ठाव हाय," म्हणाली.

"काय ठाव हाय?"

"पदरात कळ्या घातल्यास तवाच कळलं. एक बोटांना चिकटली. वास घेतला. देवाच्या फुलाला काकवीचा वास कवा येतो व्हय रं? डोळं गेलं म्हून नाक बी गेलं का माझं?"

मी विचारलं, "आगं, मग तवाच का बोलली न्हाईस?"

"काय बोलू? आक्खी वाडी बसल्याली. तितं माझ्या ल्योकाला देवाचा चोर म्हनू? तुझ्या आबाच्या जागंवर बसतोस तू. उद्या कोन आलं आसतं तुझ्याकडं कौल मागायला?"

"आन् घरी आल्यावर?"

तेव्हा तिनं सूप बाजूला सारलं. "घरी आल्यावर म्हनलं, आपनहून सांगंल. आज सांगंल, उद्या सांगंल. येळ हुता तवा. शाळंची सुट्टी संपंपातुर वाट बघितली मी. लय दिस लावलंस नाना."

ओरडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं परत शेंगा पुढ्यात घेतल्या आणि मला विचारलं, "किती फोडल्या बघ रं, पायली झाली का?" शेंगा तिच्या पायांपाशी सांडल्या होत्या, सुपात निम्म्याही नव्हत्या. मी म्हटलं, झाली.

माझी अब्रू राखायला तिनं तिचा उरलेला उजेड घालवला दादा. आणि मी तिला सहा महिने थेंब टाकत होतो, मोठ्या मायेनं.

कौल लावायचं काम मी नाथाजीकडे दिलंय. वाडी विचारते का म्हणून. सांगतो, शाळेचं काम वाढलंय. तेही खोटंच. गावासमोर खरं बोलायचं धैर्य अजून झालेलं नाही.

तुम्ही लिहा किंवा लिहू नका. आईला मात्र चार ओळी लिहा. मी एक अक्षर न गाळता वाचीन.

नाना


१७ एप्रिल १९७७

दादा,

हे पत्र जोतीरामांच्या खिशात आहे. माणदेशातला तुमचा हा पलटणीतला सोबती, आता तिकडं बेटावरच राहणारा, गावाकडं आला, वाट वाकडी करून आईला भेटला आणि जाताना तिला घेऊन जातो म्हणाला, हे तुम्हाला तारेनं कळलंच आहे. त्यांना मी बजावलंय, की आईच्या आधी स्वतः उतरा आणि हे दादांच्या हातात द्या. म्हणून थोडक्यात लिहितो. ती धक्क्यावर यायच्या आत वाचून व्हायला हवं.

कौल लावला का, विचाराल. मी म्हटलं होतं, नाथाजी लावेल. आई म्हणाली, "देवानं मागल्या सालीच उजवा दिला आसंल. त्यो पडू कुनी दिला न्हाई, त्याला देव काय करंल?" आणि सरळ बांधाबांध सुरू केली.

मी येत नाही. रजा मिळाली होती, सुईपण टोचून घेतली होती. आई म्हणाली, "तू आलास तर म्हशीची धार कोन काढंल?" धार साळू काढते, माझ्याशी लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तीच काढते आणि आईला ते ठाऊक आहे. मी म्हटलं, बरं.

आता कामाचं. तिला काही दिसत नाही. उजव्या डोळ्यानं उजेड-अंधार कळतो, बस. पण ते ती कबूल करत नाही. दिसतंय असंच वागते, आणि आम्ही सगळे तसंच वागतो. तुम्हीही वागा. एकदम पुढं होऊन हात धरू नका. आधी खाकरा, काहीतरी बोला, आवाजाकडं ती तोंड वळवील. चालताना तिच्या अर्धं पाऊल पुढं राहा आणि बोलत राहा, ती आवाजामागं येते. पायरी आली की, "ही पायरी जरा खचलीय" असं म्हणा, म्हणजे तिला कळतं. ताटात भाजी नेहमी उजव्या हाताला, चटणी डाव्या. सेल्वीवहिनींना हे आधी सांगा. भाषेची काळजी नको, आई त्यांच्याशी मराठीतच बोलेल आणि त्यांना समजतंय असंच धरून चालेल.

थेंब आता टाकायचे नाहीत. उपयोग नाही.

आणि कावेरी. गेला महिनाभर आई एकच गोष्ट घोकते आहे, नातीला बघायचं. बघायचं, हाच शब्द. पोरीला समोर उभी करा, हलू नको म्हणावं. आई तिच्या तोंडावरून हात फिरवील, मग थोडं मागं सरून नीट बघितल्यासारखं करील आणि म्हणेल, "हुबेहूब अर्जुनावर गेलीया." तुमची मुलगी कुणावर गेली आहे ते मला माहीत नाही. ती सेल्वीवहिनींवर गेली असली, रंगानं, नाकानं, डोळ्यांनी, कशानंही, तरी तुम्ही "व्हय" म्हणा. वहिनींनाही तेच सांगा. लहान मुलं पटकन बोलून जातात, म्हणून कावेरीलाही सांगून ठेवा.

गेल्या मे महिन्यात आली असती तर पोर कुणावर गेलीय ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगितलं असतं.

ती उतरत असेल. पुढं व्हा.

नाना